कोऱ्या कागदाची परीक्षा

भाजी आपण हातात घेऊन पारखतो, कापड चिमटीत धरून बघतो. ब्रोमाइड पेपरचं पाकीट मात्र दुकानात उघडून बघता येत नाही. आतलं काळं वेष्टन सरकवलं की मालच संपला. त्यामुळे हा कागद घेणारा माणूस कंपनीच्या नावावर, दुकानदाराच्या शब्दावर आणि खोक्यावरच्या तारखेवर विसंबून पैसे मोजतो. कागद कसा निघाला हे कळतं ते डार्करूमचं दार लागल्यावर, लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये. तोवर चांगला आणि वाईट कागद सारखाच कोरा असतो. म्हणूनच या कागदातला दोष ओळखणं हे मला नुसतं हातोटीचं काम कधी वाटलं नाही. त्यात सचोटीचाही भाग आहे. दोष कागदाचा की आपला, हे स्वतःशी खरं बोलून ठरवावं लागतं.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास, कल्याणला शिवाजी चौकाच्या बाजूला, डोंबिवलीत फडके रोडपासून स्टेशनपर्यंत कितीतरी फोटो स्टुडिओ होते. बाहेर काचेच्या पेटीत एखाद्या नववधूचा हाताने रंगवलेला फोटो, आत रंगवलेला पडदा आणि एक उंच स्टूल, आणि त्याच्याही मागे, बहुधा जिन्याखाली, डार्करूम. डोंबिवलीतल्या अशाच एका जिन्याखाली मी हे काम शिकलो. स्टुडिओचे मालक वयाने बरेच मोठे. आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. कागद आणायला व्हीटीला उतरून बोरा बझार गाठायचा. फोटोच्या सामानाची ती जुनी पेठ. परतताना खोकं लोकलच्या रॅकवर टाकायचं नाही, मांडीवर घ्यायचं, असा काकांचा दंडक होता. उन्हाळ्यात डब्याचं छप्पर तापतं आणि रॅक छपराच्या जवळ असतो, एवढंच ते सांगत.

ज्या कामांसाठी तो कागद लागे, ती लोकांच्या आयुष्याला लागून असलेली कामं होती. रेल्वेच्या नोकरीच्या अर्जाला लावायचा पासपोर्ट साइज, स्थळाकडे पाठवायचा पोस्टकार्ड साइज, शाळेचा ग्रुप, मुंजीचा अल्बम. आणि अधूनमधून एक काम असं येई, की स्टुडिओतले सगळे आवाज खाली येत. घरातलं माणूस गेलेलं असे. त्याचा एकट्याचा फोटो कधी काढलेलाच नसे. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपची निगेटिव्ह शोधून आणलेली असे, आणि तिच्यात मागच्या रांगेत दिसेल न दिसेल असा तो चेहरा. तो मोठा करून दहा बाय बाराचा द्यायचा, तेराव्याच्या आत. पुढे कित्येक वर्षं घरातली माणसं हात जोडून ज्याच्यासमोर उभी राहणार तो हा कागद. तो खराब निघून चालत नसे.

ब्रोमाइड पेपर म्हणजे मुळात उत्तम प्रतीचा कागद. त्यावर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर असतो. त्याला बॅरायटा म्हणतात. त्यावर जिलेटीनमध्ये कालवलेले चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण, म्हणजे इमल्शन. सगळ्यात वर, ओरखडे पडू नयेत म्हणून, पुन्हा जिलेटीनचा पातळ पापुद्रा. फोटोतली पांढरी चमक बॅरायटाची असते आणि काळा रंग खुद्द चांदीचा. शाईचा त्यात थेंबही नसतो. जिथे प्रकाश लागला तिथल्या क्षारातून डेव्हलपर चांदी मोकळी करतो आणि ती काळी दिसते. उरलेला क्षार हायपो नावाचं द्रावण विरघळवून नेतं. म्हणजे भिंतीवरच्या त्या फोटोतले आजोबा अक्षरशः चांदीचे असतात. आणि चांदीची जी दुखणी असतात, ती सगळी त्या फोटोला होऊ शकतात.

हा कागद किती हळवा आहे हे समजायला त्याचा इतिहास बघावा. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात फोटोच्या कागदासाठी जगाची भिस्त मुख्यतः दोन गावांवर होती. एक फ्रान्समधलं रीव्ह आणि दुसरं माल्मेडी, जे तेव्हा जर्मनीत होतं आणि आता बेल्जियममध्ये आहे. याचं मोठं कारण तिथलं पाणी. त्या पाण्यात लोहाचा अंश फार कमी होता. लोखंडाचा बारीकसा कण कागदाच्या लगद्यात राहून गेला, तर चांदीशी त्याची क्रिया होते आणि नेमका तिथे ठिपका उमटतो. कागद करणाऱ्याला यंत्राआधी पाणी शोधावं लागे.

जिलेटीनची गोष्ट याहून विलक्षण आहे. ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. एकाच कृतीने केलेलं इमल्शन एका घाण्यात तेज निघे, दुसऱ्यात मंद, आणि का ते कुणालाच कळत नसे. १९२०च्या दशकात कोडॅकचे शास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. उत्तर निघालं जनावरांच्या चाऱ्यात. मोहरीच्या जातीची झाडं चरलेल्या जनावरांच्या जिलेटीनमध्ये मोहरीच्या तेलातले गंधकयुक्त अंश उतरत, आणि त्या चिमूटभर गंधकानेच इमल्शनची प्रकाश टिपण्याची ताकद वाढत असे. पुढे कारखान्यांनी जिलेटीन शुद्ध करून हा अंश मोजून-मापून घालायला सुरुवात केली. एका दोषाचा माग काढता काढता सारी फोटोग्राफी सुधारली.

तिसरी गोष्ट फिल्मची आहे, पण कागदालाही तितकीच लागू पडते. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला चाचणी-अणुस्फोट झाला. तो अर्थातच गुप्त होता. काही महिन्यांत कोडॅककडे तक्रारी येऊ लागल्या, की कोऱ्या एक्स-रे फिल्मवर काळे ठिपके पडतात. ज्युलियन वेब या शास्त्रज्ञाने माग काढला तो थेट फिल्मच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यापर्यंत पोचला. हा पुठ्ठा इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्स गावच्या गिरणीत तयार झाला होता. गिरणी वाबाश नदीचं पाणी वापरत असे. हजार मैलांहून दूर झालेल्या स्फोटाची किरणोत्सारी धूळ त्या नदीत उतरली, पाण्यातून पुठ्ठ्यात आली आणि बंद खोक्यात, अंधारात, तिने फिल्मवर आपली खूण उमटवली.  नदीचं पाणी, गुरांचा चारा, वेष्टनाचा पुठ्ठा, यांतलं काहीही या कागदापासून लपून राहत नाही.

असा हा हळवा कागद आमच्या ठाणे जिल्ह्यात यायचा. पुस्तकं सांगतात, डेव्हलपर २० अंशांवर ठेवा. मे महिन्यात डोंबिवलीच्या नळाला येणारं पाणीच तिशीच्या पुढे असतं. गरम डेव्हलपरमध्ये चित्र झपाट्याने वर येतं, बघता बघता काळं होतं, आणि पांढऱ्या जागा मळकट होतात. जिलेटीन मऊ पडून कागदाच्या कडेने सुटायला लागतं. म्हणून मोठ्या ट्रेमध्ये लहान ट्रे ठेवायचा आणि दोहोंच्या मधल्या जागेत बर्फ. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, नाहीतर तो वितळून डेव्हलपर पातळ होतो. पावसाळ्यात वेगळा छळ. हवेतला ओलावा पाकिटात शिरतो, कागद एकमेकांना चिकटतात, जिलेटीनला बुरशी धरते. उल्हास नदीला पूर असला, की नळाचं पाणी गढूळ. नळाला पांढरं फडकं बांधलं तरी संध्याकाळपर्यंत ते तपकिरी झालेलं असे. बोअरचं पाणी स्वच्छ दिसे, पण जड. प्रिंट वाळली की तिच्यावर पांढरट राप दिसायचा.

आणि हवा. डोंबिवलीच्या एमआयडीसीची हवा सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांतून ठाऊक आहे. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवट पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. जिथे गंधकाचे वायू हवेत असतात, तिथे देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन लवकर काळवंडतं. फोटोतली चांदीही तीच चांदी. तिचे कण इतके बारीक असतात, की त्यांना बिघडायला निरांजनाइतकाही वेळ लागत नाही.

त्यामुळे आमच्याकडे प्रिंट बिघडली, की 'कागदच बोगस आहे' म्हणणं फार सोपं होतं. पुष्कळ जण म्हणतही. काकांच्या डार्करूममध्ये मात्र हे वाक्य सहजासहजी उच्चारता येत नसे. त्याआधी परीक्षा द्यावी लागे, आणि ती कागदाच्या आधी आपली असे.

पहिली परीक्षा दिव्याची. कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर एक नाणं ठेवायचं आणि लाल दिव्याखाली पाच मिनिटं तसंच राहू द्यायचं. मग तुकडा डेव्हलप करायचा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा गुन्हेगार. कागदाचा काही दोष नाही. कित्येक स्टुडिओंत लाल दिवा म्हणून साध्या बल्बला लाल रंग फासलेला असे किंवा जिलेटीन पेपर गुंडाळलेला असे, आणि रंग उडत जाई तसतसा सगळ्या प्रिंटांवर एक धुरकटपणा येत जाई. दुसरी परीक्षा कागदाची. पूर्ण अंधारात नव्या कागदाच्या दोन पट्ट्या कापायच्या. एक थेट हायपोत टाकायची, दुसरी आधी डेव्हलपरमध्ये आणि मग हायपोत. दोन्ही धुऊन, वाळवून, दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवायच्या. दोन्ही सारख्याच पांढऱ्या असतील तर कागद निर्दोष. दुसरी राखाडी झाली असेल तर कागदाला फॉग आलेला आहे, मग वरची तारीख काहीही सांगो.

फॉगचीही भाषा असते. कागदाच्या चारही कडा राखाडी आणि मधला भाग स्वच्छ असेल, तर वय झालेलं आहे किंवा दमट हवा कडेने आत शिरली आहे. एकाच बाजूला पट्टा असेल तर पाकिटात उजेड गेला आहे. सगळा कागद सारखाच मळकट असेल तर उष्णता, नाहीतर दिवा. वय झालेल्या कागदातही थोडा जीव राहिलेला असतो. डेव्हलपरमध्ये पोटॅशियम ब्रोमाइड किंवा बेंझोट्रायाझोल थोडं जास्त घातलं, की पांढरा रंग बराचसा परत येतो, फक्त एक्स्पोजर वाढवावं लागतं.

ठिपक्यांची भाषा आणखी बारकाईने वाचावी लागते. पांढरा ठिपका प्रत्येक प्रिंटवर चित्राच्या त्याच जागी येत असेल, तर निगेटिव्हवर किंवा एन्लार्जरच्या काचेवर धूळ आहे. काळा ठिपका दर वेळी नव्या जागी येत असेल, तर कुणीतरी त्याच खोलीत डेव्हलपरची, म्हणजे मेटॉल-हायड्रोक्विनोनची, कोरडी पावडर कालवली आहे. तिचे कण हवेत उडून कागदावर बसले आहेत. पण चित्र बदललं, निगेटिव्ह बदलली, तरी काळा ठिपका कागदाच्या कडेपासून तितक्याच अंतरावर येत राहिला, तर तो ठिपका कारखान्यातून आलेला असतो.

असा ठिपका आम्हाला एकदा भेटला, तो नेमका एका गेलेल्या माणसाच्या फोटोत. दहा बाय बाराचा जाड, 'डबल वेट' कागद, नवं पाकीट, चांगल्या नावाची कंपनी. तिचं नाव इथे घ्यायचं कारण नाही. ट्रेमध्ये चेहरा वर आला आणि त्याबरोबर उजव्या भुवईच्या वर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. काका ब्लेडच्या टोकाने असा ठिपका खरवडून वर ब्रशने रंग लावण्यात वाकबगार होते; कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्यांनी ते केलं नाही. म्हणाले, "घरचे लोक या कपाळाला गंध लावतील. खरवडलेली जागा ओली झाली की फुगते." जुन्या पाकिटातला कागद घेऊन त्यांनी फोटो पुन्हा केला आणि तो वेळेवर दिला.

त्यानंतर मात्र नव्या पाकिटाची चौकशी सुरू झाली. दिव्याची परीक्षा झाली. डेव्हलपर नवा केला, गाळून घेतला, पाणी उकळून गार केलेलं वापरलं. मग निगेटिव्ह न लावता, एन्लार्जर न लावता, एक कोरा कागद नुसता डेव्हलप केला. पांढऱ्या कागदावर एकटा काळा ठिपका उभा राहिला. दुसऱ्या कागदावर ठिपका, तिसऱ्यावरही. काकांनी पट्टी लावली. तिन्ही कागदांवर डाव्या कडेपासूनचं अंतर एकच होतं. कागदाचा मोठा रोल इमल्शन चढवत यंत्रातून जातो. रोलरवर कुठे काही चिकटलं असेल तर त्याचा डाग तितक्याच अंतराने पुन्हा पुन्हा येतो आणि मग रोल कापला की प्रत्येक कागदाच्या वाट्याला एकेक येतो. काकांनी तिन्ही कागदांच्या मागे पेन्सिलीने खोक्यावरचा इमल्शन नंबर लिहिला आणि ते मला बरोबर घेऊन बोरा बझारला गेले.

दुकानदार आधी नेहमीचंच बोलला. "साहेब, तुमच्या तिकडचं पाणी खराब. एमआयडीसी आहे ना."

काकांनी आवाज चढवला नाही. तीन कागद काउंटरवर एकावर एक ठेवले, टाचणी घेतली, वरच्या ठिपक्यात खुपसली आणि खाली दाबली. टाचणी तिन्ही ठिपक्यांतून गेली. "पाणी एवढं मोजून ठिपके पाडत नाही," ते म्हणाले. दुकानदाराने कागद उलटून नंबर बघितला, वहीत लिहून घेतला आणि त्या नंबरची दोन खोकी मांडणीवरून काढून बाजूला ठेवली. आम्हाला दुसऱ्या नंबरचं पाकीट मिळालं. लोकलमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसलो. त्या दिवशी मला कळलं, की तक्रार करण्याचा हक्क कमवावा लागतो. आपला दिवा, आपलं पाणी, आपले हात तपासून झाले, की मग समोरच्याला ऐकावंच लागतं. आणि तपासून झाल्यावरही गप्प बसलं, तर तेच खोकं दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जातं.

आपल्या देशाने हा कागद स्वतः करायचं ठरवलं, ती गोष्टही जपून ठेवण्यासारखी आहे. १९६० मध्ये केंद्र सरकारने उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली आणि १९६७ मध्ये तिथलं उत्पादन सुरू झालं. जागा निलगिरीत निवडली ती धूळ नसलेली थंड हवा आणि चांगलं पाणी यांसाठी. रीव्ह आणि माल्मेडीचाच धडा हा. 'इंदू' या नावाने तिथली रोल फिल्म, एक्स-रे फिल्म, ब्रोमाइड पेपर देशभर जायचा. परदेशी मालावर बंधनं होती त्या वर्षांत लहान गावातल्या स्टुडिओला जो कागद हमखास मिळे, तो इंदूचाच. कॅमेराही देशात होई: बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये आग्फाचा क्लिक थ्री तयार होत असे. एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. आपल्याकडच्या असंख्य अल्बममधले ते चौकोनी कॉन्टॅक्ट प्रिंट बहुधा त्याच कॅमेऱ्याचे. परदेशी कागदाशी तुलना करून इंदूला नावं ठेवणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला त्या तुलनेत रस नाही. उटीच्या थंड हवेत तयार झालेला कागद मालगाडीने, ट्रकने, मेच्या उन्हातून, जूनच्या पावसातून आमच्या जिन्याखाली पोचेपर्यंत त्याच्यावर काय काय बेतलं असेल हे मोजल्याशिवाय कारखान्याला दोष देणं, म्हणजे परीक्षा न घेता निकाल लावणं. तो कारखाना १९९०च्या दशकात आजारी उद्योग ठरला आणि २०१० नंतरच्या दशकात कायमचा बंद पडला. कागद करण्याचं ज्ञान देशात होतं, ते कामगारांबरोबर घरी गेलं.

जगात निकालाचं वर्ष ठरलं २००५. त्या वर्षी मे महिन्यात जर्मनीत आग्फाफोटोने दिवाळं जाहीर केलं. जूनमध्ये कोडॅकने कृष्णधवल कागद करणं थांबवत असल्याची घोषणा केली. इंग्लंडची इलफर्ड आदल्या वर्षी डबघाईला आली होती. तिच्या व्यवस्थापकांनीच ती विकत घेऊन हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने मोबर्लीचा कारखाना चालू ठेवला. चेक प्रजासत्ताकात ह्राडेक क्रालोव्हे इथली १९२१ पासूनची फोमा टिकली. आज मुंबईत किंवा ठाण्यात कुणी हौसेने डार्करूम लावली, तर तिला लागणारा कागद बहुतेक वेळा या दोनपैकी एका गावातून आलेला असतो. करणारे हात इतके थोडे राहिले, की एखाद्या लॉटमध्ये दोष निघाला तर पर्यायच उरत नाही, आणि खोकं समुद्रापार परत पाठवणं कुणाला परवडत नाही. म्हणून आज डार्करूम करणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे: पाकीट आल्या दिवशी दोन पट्ट्यांची परीक्षा घ्या, लॉटचा नंबर प्रत्येक प्रिंटच्या मागे लिहा, आणि दोष सिद्ध झाला तर कंपनीला नमुन्यांसह कळवा. वेब यांच्या हाती आधी आली होती ती गिऱ्हाइकांची तक्रारच.

त्याच २००५ च्या २६ जुलैला आपल्याकडे प्रलय झाला. उल्हास आणि वालधुनी नद्यांचं पाणी बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या घरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाद्या, धान्य, पुस्तकं बाहेर काढली आणि त्यांबरोबर अल्बम. भिजलेलं जिलेटीन फुगतं आणि वाळताना ज्याला टेकलेलं असेल त्याला चिकटतं, मग तो शेजारचा फोटो असो की फ्रेमची काच. घाईने ओढलं की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. ओला असतानाच स्वच्छ गार पाण्यात सोडून हलक्या हाताने वेगळा केला आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवला, तर फोटो बहुधा वाचतो. काचेला चिकटून वाळलाच असेल तर ओढू नये. काचेसकट स्कॅन करावा. हे तेव्हा फार थोड्या लोकांना माहीत होतं. दर पावसाळ्यात ते पुन्हा सांगण्याची गरज आहे.

पूर न येताही फोटो जातात. पिवळे पडतात, चेहरा तपकिरी होत विरत जातो. लोक म्हणतात, जुना झाला. नुसत्या जुनेपणाने फोटो विरत नाही. बहुधा धुण्यात कसूर झालेली असते. हायपो कागदाच्या तंतूंमध्ये मुरतो; तो पूर्ण निघाला नाही, तर वर्षानुवर्षं त्यातलं गंधक सुटून चांदीला खातं. बॅरायटा कागद वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असं लक्षात आलं, की समुद्राच्या पाण्यात आधी धुतलेल्या प्रिंटमधून हायपो लवकर निघतो, आणि त्यावरून सोडियम सल्फाइटच्या पाण्याची युक्ती निघाली. आमच्या डोंबिवलीत तासभर वाहतं पाणी कुठून येणार? ठरलेल्या वेळी नळ येई, पिंपं भरून ठेवावी लागत. काका प्रिंट ट्रेमध्ये घालून पाणी भरत, हलवत, ओतून देत, पुन्हा भरत. असं पुष्कळदा. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत असलं तरी एकही पाणी कमी करत नसत. त्या धुण्याचे वेगळे पैसे मिळत नव्हते, आणि ते नीट झालं की नाही हे गिऱ्हाइकाला त्या दिवशी कळण्याची काही सोय नव्हती. ते कळणार होतं ३० वर्षांनी, स्टुडिओही कदाचित नसताना. खराब कागदाच्या तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या आणि केल्या. तरी माझं मत असं झालं आहे, की कागदाने घात केला त्याहून किती तरी जास्त फोटोंचा घात न घातलेल्या शेवटच्या चार पाण्यांनी केला.

जपलेला फोटो किती टिकतो ते बघा. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचा एक प्रसिद्ध फोटो आहे. १० ऑक्टोबर १८८५ चा. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्या शेजारी त्या साडी नेसलेल्या दिसतात. तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात तो फोटो जपलेला आहे, म्हणून आज शाळेतल्या मुलीला आनंदीबाईंचा चेहरा माहीत आहे. १४० वर्षांपूर्वीचा कागद तिकडे शाबूत राहतो आणि आपल्या कपाटातला ५० वर्षांपूर्वीचा विरून जातो, यात सगळा दोष आपल्या दमट हवेचा नाही. तो फोटो महत्त्वाचा आहे हे तिथे कुणीतरी ठरवलं आणि त्याप्रमाणे वागलं.

आपल्या घरातले कृष्णधवल फोटो आपणही महत्त्वाचे ठरवू शकतो. ठाण्या-कल्याणातल्या चाळी आणि जुन्या इमारती पुनर्विकासात पाडल्या जात आहेत, घरं रिकामी होताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या भंगारात जात आहेत. त्या पेट्या आधी उघडा. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो असतील तर ते काढून साध्या, आम्लविरहित कागदात ठेवा. जुन्या फोटोंना लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा सोडवता येत नाही. स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीच्या भिंतीवर फोटो लावू नका. निगेटिव्ह टाकू नका, कागद गेला तरी तिच्यातून चेहरा परत आणता येतो. आणि घरात कुणी ओळखणारं माणूस आहे तोवर, आजच, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.